ओट्यावरच्या तिघी

पाऊस ओसरला की भोंगा गल्लीत सकाळी साडेसातच्या सुमारास एक उजेड येतो. पाव तास टिकतो. तसा उजेड यवतमाळात दुसरीकडे कुठे येत नाही असं माझं म्हणणं आहे, आणि माझी बायको सोडली तर ते अजून कोणी खोडून काढलेलं नाही. गल्ली बरोबर पूर्व-पश्चिम आहे. समोरासमोरच्या घरांची कौलं एकमेकांकडे इतकी झुकलेली, की एरवी ऊन खाली पोचतं ते दुपारी. भाद्रपद संपता संपता मात्र सूर्य गल्लीच्या तोंडाशी, कापसाच्या जुन्या जिनिंगच्या भिंतीला पडलेल्या खिंडारात उगवतो आणि सरळ आत शिरतो. लाकडी खांब, लोखंडी कठडे, बुजवलेल्या विहिरीवरची जाळी, दारादारांतले पाण्याचे निळे ड्रम, सगळ्यांना एकदम कडा येतात. मार्चातही सूर्य तिथेच उगवतो, पण तेव्हा धुळीनं सगळं मळकं दिसतं.

यंदाही तो उजेड आला. मी कॅमेरा गळ्यात घालून निघालो, बायको नेहमीचं बोलली, मी नेहमीसारखं ऐकलं नाही. गल्लीच्या तोंडाशी कॅमेरा डोळ्याला लावला आणि बोट बटणावर थांबलं. दर वर्षी या दिवसांत पहिल्या फोटोला ते असंच थांबतं. तीन वर्षांपूर्वीच्या पितृपक्षात मी इथे एक फोटो काढला होता, तेव्हापासूनची ही खोड आहे.

मी आरेखक होतो. छत्तीस वर्षं सरकारी टेबलावर वाकून पूल, रस्ते, शाळाखोल्या यांचे नकाशे काढले. रेघ वाकडी दिसली की माझा हात अजूनही पट्टी शोधतो. निवृत्त झालो तेव्हा लेकीनं कॅमेरा दिला. मी शहराबाहेरच्या लेआऊटमध्ये घर बांधलं, पण फोटो काढायला तिथे काही नाही. सगळी घरं मीच काढल्यासारखी, सरळ. म्हणून मी भोंगा गल्लीत येत राहिलो. तिथेच लहानाचा मोठा झालो. जिनिंगचा भोंगा वाजला की घड्याळं लावायची, असा तो काळ. भोंगा बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, नाव राहिलं.

सुरुवातीला लोक धास्तावले. दारासमोर उभं राहून फोटो काढणारा म्हातारा म्हणजे नक्की नगरपरिषदेचा. "काय काका, पाडून राह्यले का आमचं घर?" असं हसत विचारायचे, पण उत्तर मिळेपर्यंत हसणं ओठांवरच धरून ठेवायचे. नंतर सवय झाली. मी कोणाशी बोलायचो नाही, कोणी माझ्याशी बोलायचं नाही. पितृपक्षात तर गल्ली आपसूकच मुकी असते. लग्न नाही, मुंज नाही, बँड नाही. कुंपणाच्या भिंतीवर पानात ठेवलेला भात, वडा, खीर, आणि कावळ्याची वाट पाहत उभा असलेला, सोवळ्यातला कोणाचा तरी बाप. गवारीच्या भाजीचा आणि तळणाचा वास. मला ते दिवस आवडायचे. आवडायचे म्हणताना आता जीभ अडखळते, पण खोटं कशाला बोलू?

माझी फेरी संपायची ती वहिनीच्या ओट्यावर. सुमनवहिनी माझ्या मोठ्या भावाची बायको. मी नऊ वर्षांचा असताना आई गेली. वहिनी दोन वर्षांनी घरात आली, ती एकोणीस वर्षांची. माझ्या डोक्यातल्या उवा तिनं काढल्या, पाढे तिनं पाठ करून घेतले, मॅट्रिकच्या परीक्षेला डबा तिनं पोचवला. दादा गेल्यावर मी तिला लेआऊटमध्ये चल म्हणालो. एकदा येऊन पाहून गेली. "तुझ्याकडं माणसं दिसत नाहीत रे बाबू, नुसती गेटं दिसतात," म्हणाली, आणि परत आपल्या तीन खोल्यांत. मी पासष्टीला आलो तरी तिच्यासाठी बाबूच.

तिच्या ओट्यावर चातुर्मासात रोज सकाळी तिघी बसायच्या. एक वहिनी. दुसरी शेजारची गोदामावशी, वहिनीची पन्नास वर्षांची मैत्रीण, अंगानं भरलेली आणि तोंडानं सैल. दोघी मिळून वाती वळायच्या. लाख वातींचा नेम होता, त्रिपुरी पौर्णिमेला देवळात लावायच्या. तिसरी जमनाबाई. ती घाटाखालच्या तांड्यावरची बंजारा बाई. सीताफळांच्या दिवसांत पहाटेच्या एसटीनं टोपलं घेऊन यायची आणि बाजारात जायच्या आधी या ओट्यावर टेकायची. चहा प्यायची आणि बसल्या बसल्या पाच-पन्नास वाती वळून द्यायची. तिचे हात झपझप चालायचे. "आमच्या शेतातला कापूस, अन् पुन्य तुमाले," असं म्हणून हसायची.

त्या सकाळी उजेड बरोबर त्या ओट्यावर होता. गोदामावशी मधे. तिच्या मांडीवर वातींची परडी, एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला टोपलं पुढे घेऊन जमनाबाई. मागे निळं दार. इतकी वर्षं नकाशे काढले, पण अशी मांडणी कधी जुळून आली नव्हती.

"काढू का?" मी विचारलं.

"तिघीचा काढू नको रे," गोदामावशी म्हणाली. "मंधातली जाते म्हन्तेत."

"मधे तर तुम्हीच आहात मावशी."

"म्हनून तं सांगून राह्यली."

मला मजा वाटली. "तीन तिगाडा काम बिगाडा, तेच ना? अहो, ब्रह्मा-विष्णू-महेशाचा फोटो घरोघरी आहे. विष्णूला काय झालं?"

जमनाबाई खो खो हसली. गोदामावशी हसू आवरत म्हणाली, "थे देव आहेत बाप्पा. आमचं काय?" वहिनी हसली नाही. "थांब जरा," म्हणाली. ओट्यावरून खाली वाकली, नालीच्या कडेचा एक छोटा काळा गोटा उचलला, पदराला पुसला आणि आपल्या नि गोदामावशीच्या मधे, कापसाच्या पुंजक्यावर ठेवला.

"हा गोटा कायले?" गोदामावशीनं विचारलं.

"कापूस उडतो," वहिनी म्हणाली. "हं, काढ आता."

मी काढला. गोदामावशी नेमकी त्या क्षणाला माझ्याकडे बघून हसली. फोटो इतका चांगला आला, की घरी जाईपर्यंत मी रस्त्यात तीनदा थांबून पाहिला.

नवरात्राच्या दुसऱ्या दिवशी गोदामावशी गेली. आंघोळीला पाणी काढताना खाली बसली ती उठलीच नाही. आमच्याकडे दुर्गेचे मंडप इतके मोठे, की त्या नऊ दिवसांत शहरात फोनवर बोलायचं तर मोरीत जावं लागतं. भोंगा गल्लीच्या मंडळानं त्या सकाळी स्पीकर बंद ठेवला. त्या शांततेत वहिनीचा फोन आला. "बाबू, गोदा गेली रे," एवढंच म्हणाली.

मी पोचलो तेव्हा अंगणात बायका बसल्या होत्या. गोदामावशीची सून शोभा रडत होती. मला पाहिलं आणि रडणं थांबवून माझ्याकडे नुसती बघत राहिली. मग सगळ्यांसमोर म्हणाली, "आई नको म्हनत होत्या काका. तरी काढला तुमी."

तिला कोणी गप्प केलं नाही. मी पुरुषांच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. शोभा वाईट नाही. सासूची वेणी रोज ती घालायची. माणूस एकाएकी जातं तेव्हा कोणाचं तरी नाव घ्यावंसं वाटतं, हे मला कळत होतं. कळत होतं म्हणून लागलं नाही, असं मात्र नाही.

दोन दिवसांनी, सवयीनं म्हणा की हट्टानं, मी पुन्हा कॅमेरा घेऊन गल्लीत गेलो. उजेड तोच होता. पण पुढे पुढे दारं लागत गेली. एका घरची सून खुर्चीतल्या सासऱ्याला काखेत धरून आत घेऊन गेली, आणि त्यांचा चहाचा कप बाहेरच राहिला. एक बाई तोंडावर पदर घेऊन म्हणाली, "आमच्याकडं नका पाहू काका." कोपऱ्यावरचा चहावाला तेवढा नेहमीसारखा बोलला. "माझा काढा काका, बायकोपासून सुटतो," म्हणाला आणि स्वतःच हसला, पण मी कॅमेरा हलवला तसा भट्टीमागे सरकला. छत्तीस वर्षं नोकरीत मला कोणी घाबरलं नव्हतं. शिपाईसुद्धा नाही.

त्याच दिवशी वहिनीला ताप आला.

आधी वाटलं रडून रडून आला असेल. चौथ्या दिवशी अंगावर लाल ठिपके दिसले आणि तिला दवाखान्यात भरती करावं लागलं. डेंग्यू. आमच्याकडे पाऊस संपला की प्रत्येक घरात एकदा तरी 'पेशी किती?' हा प्रश्न विचारला जातो. रोज सकाळी रक्त काढायचे आणि दुपारी आकडा यायचा. पहिल्या दिवशी कमी. दुसऱ्या दिवशी आणखी कमी. त्र्याहत्तर वर्षांची बाई, नाकातून रक्त येत होतं. डॉक्टर म्हणाले, "दोन दिवस बघू." या दोन दिवसांत वहिनी राहते की जाते, एवढा एकच प्रश्न माझ्यापुढे होता. बाकी सगळं बाजूला पडलं.

सगळं पडलं असं म्हणतो, पण एक गोष्ट बाजूला पडत नव्हती. दवाखान्याच्या बाकावर बसून मी कॅमेऱ्यातला तो फोटो उघडायचो. गोदामावशी गेली. वहिनी इथे आत. जमनाबाई? ती त्या दिवसापासून दिसली नव्हती. ऐन सीताफळांचे दिवस, टोपली भरभरून बाजारात येत होती, आणि ही नाही. मी बाजारात एक चक्कर मारून आलो. तिच्या तांड्यावरची दुसरी बाई भेटली. तिनं माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मले नाई माईत." तिला माहीत होतं, हे दिसत होतं.

मी विज्ञान शिकलेला माणूस. फोटो म्हणजे प्रकाश, भिंग, आणि आतली एक चकती. बाकी काही नाही. हे मी स्वतःला मोठ्यानं सांगितलं. शेजारच्या बाकावरचा माणूस माझ्याकडे बघायला लागला. मग मी फोटो पुसून टाकायचं बटण दाबलं. 'पुसायचं का?' असं पडद्यावर आलं. अंगठा तिथेच राहिला. पुसलं म्हणजे मी मानलं. आणि नाही पुसलं, आणि उद्या वहिनीला काही झालं, तर उरलेला सगळा जन्म मी या अंगठ्याकडे बघत बसणार. मी फार घाबरलो होतो. आई गेली तेव्हा घाबरलो नव्हतो, तेव्हा कळतच नव्हतं. आता सगळं कळत होतं, आणि तरी मी एका फोटोला घाबरत होतो.

दसऱ्याच्या दुपारी दिलीप आला. गोदामावशीचा मुलगा, शोभाचा नवरा, शाळेत लिपिक. हातात पपईच्या पानांच्या रसाची बाटली. "शोभानं कुटून देल्ला," म्हणाला. मला बरं वाटलं. मग जरा सरकून हळू आवाजात म्हणाला, "काका, तेरवीले आईचा फोटो पाहिजे. घरी एक बी चांगला नाई. आधार कार्डावरचा हाय, पन त्याच्यात आई चोरावानी दिसते."

मी त्याच्याकडे बघितलं.

"तुमच्यावाला तोच द्या," तो म्हणाला. "आई हासून राह्यली म्हन्तेत त्याच्यात. पन एकटीचा कापून द्या. अन् शोभाले सांगू नका कोनता हाय ते."

उद्या देतो, म्हणालो. कापायला दोन मिनिटं लागतात. पण मधल्या गोदामावशीला कापून काढलं की उरतात त्या दोघी, मधे मोकळी जागा ठेवून बसलेल्या. मला ते करवेना. आधी जमनाबाई धडधाकट आहे हे डोळ्यांनी बघायचं, मग हात लावायचा, असं ठरवलं. हे कुठल्या विज्ञानात बसतं, ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला दवाखान्यात बसवलं आणि स्कूटर काढली. घाट उतरताना दोन्ही बाजूंना सोयाबीनची सोंगणी चालली होती. वाळल्या शेंगांचा तो कडवट वास, मधूनच थ्रेशरचा आवाज, आणि कपाशीत कुठे कुठे फुटलेली पांढरी बोंडं. दुसऱ्या कुठल्या सकाळी मी दहा ठिकाणी थांबलो असतो. कॅमेरा गळ्यात होता, कारण निघताना तो गळ्यात घालायचा ही सवय. तांड्यात शिरलो तेव्हा लक्षात आलं. ओसरीवरच्या दोन बायका मला पाहून उठल्या आणि आत गेल्या. एक तिशीचा माणूस वाटेत येऊन उभा राहिला.

"कोन पाहिजे?"

"जमनाबाई."

"याडी नाई घरी." याडी म्हणजे आई, एवढं मला माहीत होतं. हा तिचा मुलगा. नजर माझ्या छातीवर, कॅमेऱ्यावर. "काहून आले तुमी? फोटो काढाले?"

"बरी आहे का ती, एवढंच बघायचं आहे. बघतो आणि जातो."

"नाई म्हनलं ना घरी."

मी कॅमेरा गळ्यातून काढला आणि त्याच्यापुढे धरला. "हा ठेव तुझ्याकडं. मी नुसता बघतो." तो जरा गोंधळला. तेवढ्यात त्याच्या मागून, घराच्या आतून, तोच परिचित आवाज आला. "कोन हाय रे? सुमनबाईचा दीर का?"

जमनाबाई हातातला विळा तसाच घेऊन बाहेर आली. काळीसावळी, उभी, खणखणीत. मी खाटेवर बसलो. परवानगी न घेता बसलो.

बाजारात तिला सगळं कळलं होतं. गोदाबाई गेली, फोटोनं गेली, आता पाळी कोणाची. लेकानं तिला गल्लीत जायला बंदी केली होती. "मी तं आली असती," ती म्हणाली. "पन लेकाले भेव वाटते. त्याचा बाप असाच झटक्यात गेलता." मग म्हणाली, "दाखव मले तो फोटो."

तिचा मुलगा पुढे झाला. ती त्याला आपल्या बोलीत काहीतरी बोलली, तो गप्प झाला. मी फोटो लावून दिला. तिनं विळा खाली ठेवला, हात लुगड्याला पुसले आणि कॅमेरा दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ बघितलं.

"गोदाबाई कशी हासून राह्यली पाह्य," ती म्हणाली. "बाई मरते तं तिच्या मरनानं मरते. फोटोवाल्याले का कामं नाईत?" तिचे डोळे भरले. तिनं कॅमेरा मुलाकडे दिला, "तू बी पाह्य," म्हणाली. त्यानं पाहिला. आणि मग मला चहा आला.

निघताना तिनं घरातून पहिल्या वेच्याचा मूठभर कापूस आणून दिला. "सुमनबाईले द्या. वाती राह्यल्या अशीन तिच्या," म्हणाली. मी तो शर्टाच्या खिशात ठेवला. घाट चढताना मला रडू आलं. चष्मा पुसायला दोनदा थांबावं लागलं.

त्या दुपारचा आकडा किंचित वाढलेला आला. फार नाही, पण वाढलेला. नाकातलं रक्त थांबलं. पुढचे तीन दिवस आकडा चढत गेला. मी फोटो कापला, दिलीपला दिला, तेरवीला तो हार घालून पाटावर होता. मी लांब बसलो होतो. शोभा फोटोसमोर उभी राहिली, बराच वेळ. तिला कळलं असणारच. मागे निळ्या दाराची पट्टी दिसत होती, आणि निळं दार गल्लीत एकच आहे. मला जेवायला वाढायला मात्र तीच आली, आणि बासुंदी दुसऱ्यांदा वाढली.

वहिनी घरी आली ती निम्मी होऊन. लाखातल्या काही हजार वाती राहिल्याच होत्या. कार्तिकातल्या थंड सकाळी ओट्यावर शाल घेऊन ती जमनाबाईच्या कापसाच्या वाती वळायची. बोटं थरथरायची, दहातल्या दोन नीट व्हायच्या. एकदा मी शेजारी बसून तो अख्खा फोटो पुन्हा बघत होतो. चेहरे सोडून बाकीचं पहिल्यांदाच बघत होतो. आरेखकाची सवय. फोटोत तुळशीजवळ उदबत्ती लावलेली होती आणि तिचा धूर सरळ वर गेला होता. पट्टी लावून काढलेल्या रेघेसारखा. मी गोट्याकडे पाहिलं.

"वहिनी, त्या दिवशी वारा नव्हता."

"कोणत्या दिवशी?"

"फोटो काढला त्या दिवशी. कापूस कसा उडेल?"

ती वात वळत राहिली. आणि मग मला एकदम ढाणकीची सकाळ आठवली. चाळीस वर्षांपूर्वी मला मुलगी बघायला आम्ही तिघं गेलो होतो: दादा, वहिनी, मी. एसटीतून उतरल्यावर वहिनीनं रस्त्याकडेचा एक खडा उचलून पदराच्या गाठीला बांधला होता. तिघांनी शुभ कामाला जायचं नाही, चौथा दगड सोबत घ्यायचा. तेव्हाही मी हसलो होतो. त्या खड्याच्या साक्षीनं ठरलेली बायको अजून मला रोज सकाळी बोलते.

"चौथा होता तो," मी म्हणालो.

"होता."

"पण उपयोग काय झाला? मावशी तर गेलीच."

वहिनीनं वात परडीत टाकली. "गोदाला डॉक्टरनं सांगितलंच होतं. हृदय मोठं झालं होतं तिचं. घरी बोलली नव्हती, मला तेवढं सांगितलं होतं. ती जाणार होतीच रे आज ना उद्या. गोटा तिच्यासाठी नव्हता ठेवला."

"मग?"

"तुझ्यासाठी ठेवला. ती गेली की गल्ली तुझं नाव घेणार, हे मला तेव्हाच दिसत होतं. मग मी सांगणार होते, तीन कुठं होते, चार होते म्हणून."

मी विचारलं, "मग सांगितलं का नाही?"

"सांगणार होते. तापच आला ना," वहिनी म्हणाली.

मी हसलो, आणि हसता हसता तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. पासष्ट वर्षांचा माणूस, भर ओट्यावर. ती माझ्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "तुझा असल्यावर विश्वास नाही, मला ठाऊक आहे. पण ज्याचा असतो, तो नारळ फोडून मोकळा होतो. तुझ्यासारख्यानं कुठं जावं?"

"आता तरी सांग शोभाला."

"आता कायले? आम्ही दोघी जित्या आहोत. तेच सांगणं झालं."

खरंच ते पुरलं. जमनाबाई पुढच्या वर्षी सीताफळं घेऊन आली. एक एक दार उघडलं. गोदामावशीचा तो हसरा चेहरा दिलीपच्या बैठकीत आहे, येणारा-जाणारा म्हणतो, किती छान फोटो. कोणी काढला ते कोणी विचारत नाही आणि शोभा सांगत नाही. मी मात्र आता माणसांचे फोटो कमी काढतो. खांब काढतो, कठडे काढतो. गल्लीतली दोन घरं यंदा पडली, तिथे तीन मजले चढतायत. एखाद्या वर्षी सूर्य खिंडारात उगवेल आणि गल्लीत शिरणारच नाही.

आज मी गेलो तेव्हा वहिनी आणि जमनाबाई ओट्यावर होत्या. वहिनीला आता एका कानानं ऐकू येत नाही आणि चालताना भिंत लागते. मला स्वतःला गेल्या उन्हाळ्यात छातीत कळ येऊन गेली. गोळ्या सुरू आहेत, वहिनीला सांगितलेलं नाही. मी मधल्या मोकळ्या जागेत बसलो. तिथे कोणी बसत नाही, पण आज पाय दुखत होते. परडी माझ्या मांडीवर आली. मला वात वळता येत नाही, जमनाबाई माझ्या वाती पाहून हसत होती.

समोरून शोभा दूध घेऊन येत होती. उजेड आमच्यावर होता. ती थांबली. "अगं माय, काय छान दिसून राह्यले तुमी," म्हणाली. दुधाची पिशवी मनगटाला अडकवून तिनं मोबाईल काढला. "काका, तुमी नेहमी दुसऱ्याचेच काढता. हला नका. मी काढतो."

ती खूश होती. उजेडानं खूश होती. मोजायचं ती विसरली होती.

मी मोजलं.

"थांब जरा," मी म्हणालो. ओट्यावरून खाली वाकलो. नालीच्या कडेला एक छोटा गोटा होता, तो उचलला, शर्टाला पुसला, आणि वहिनीच्या नि माझ्या मधे कापसाच्या पुंजक्यावर ठेवला. वहिनीनं पाहिलं आणि पुन्हा वातीत लक्ष घातलं.

"हे काय काका?" मोबाईलमागून शोभानं विचारलं. "गोटा कायले?"

"कापूस उडतो," मी म्हणालो. "हं, काढ आता."